एकसष्ट ओळी

१२ जुलै, शनिवार

कीर्ती जाऊन अडतीस दिवस झाले. भेटायला येणारी माणसं संपली. आता कामाला लागलं पाहिजे.

तिचा लॅपटॉप आणि काळी हार्डडिस्क दवाखान्यातून तिच्या पिशवीसकट माझ्याकडेच आली होती. नातेवाईक म्हणून सही माझी होती. पिशवी आज उघडली. ज्या पुण्याच्या संस्थेसाठी ती सात वर्षं म्हसवडकडच्या धनगर बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत होती, त्यांचं पत्रही आलं आहे. सगळा संग्रह तीस सप्टेंबरपर्यंत पोचवायचा.

माझ्या मुलीने पुण्यातली चांगली नोकरी सोडून हे का आरंभलं, हे मला कधी कळलं नाही. मलकापूरला सोनिया नावाच्या मैत्रिणीबरोबर दोन खोल्यांत राहायची. सोनिया कराडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, मूळची म्हसवडची. तिच्या आजीमुळे, धोंडुबाईंमुळे, कीर्तीला त्या बायका भेटल्या. आठ वर्षं दोघी एकत्र राहिल्या. मी म्हणायची, चाळिशी आली, असं किती दिवस वसतिगृहासारखं राहणार? ती हसायची आणि चहा करायला उठायची.

१४ जुलै

डिस्क लावली. मला धक्का बसला. इतकी हुशार मुलगी आणि एवढा पसारा. फोल्डरांची नावं बघा: ‘झोपाळा’, ‘पाऊस न्हाई’, ‘आजी रागात’, ‘मेंढरं मागं ठेवून’. कुठलं गाव, कुठली बाई, कुठलं साल, काही पत्ता नाही. संस्थेतले लोक काय म्हणतील?

चौतीस वर्षं माधवनगरच्या शाळेत गणित शिकवलं. माझ्या हजेरीपटात कधी खाडाखोड नव्हती. हे मीच नीट लावून देणार.

१९ जुलै

झालं. सहा दिवस, रोज सहा तास. आता गावानुसार फोल्डर आहेत आणि प्रत्येक ओवीला क्रमांक आहे.

‘मलकापूर’ नावाचा एक फोल्डर होता. त्यात एकसष्ट फायली. ओव्या नव्हत्या, घरातली बडबड होती. तीन फायली थोड्या थोड्या ऐकल्या. एकीत कुकरची शिट्टी. दुसरीत कीर्ती कुणाला तरी चप्पल कुठे ठेवली म्हणून विचारत होती. तिसरी सुरू होताच बंद केली. संस्थेला याचा काय उपयोग? तो फोल्डर काढून टाकला, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग सुरक्षितता म्हणून सगळ्या ओव्यांची दुसरी प्रत करून त्याच डिस्कवर ठेवली. डिस्क काठोकाठ भरली.

‘यादी’ नावाची एक मजकुराची फाइल आहे. नुसती अक्षरं आणि आकडे. कळली नाही, पण ठेवली. न कळलेला कागद फाडायचा नाही, ही जुनी सवय.

तिसरी फाइल मी का बंद केली ते लिहून ठेवते, कारण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. कीर्तीने श्वास घेतल्याचा आवाज आला. बोलण्याआधी घेतात तसा.

२८ जुलै

संस्थेतल्या बाईंचा फोन. “मॅडम, मे महिन्यात कीर्तीताईंनी यादी पाठवली होती. डिस्कवरच्या ओव्या तिच्याशी ताडून पाठवा. एक जरी वेगळी निघाली तरी आम्हाला घेता येत नाही.”

मी म्हटलं, मी सगळं सुधारून ठेवलंय. त्या म्हणाल्या, “तरी ताडून बघाच.”

संध्याकाळी डिस्क घेऊन सांगलीला अमृतच्या दुकानात गेले. अमृत माझा विद्यार्थी, आता संगणक दुरुस्त करतो. नववीत गणितात दोनदा नापास झाला होता. त्याने ‘यादी’ उघडली आणि म्हणाला, “बाई, हे लय झकास काम हाय. कुणी केलंय?”

“कीर्तीने.”

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. मग त्याने समजावून सांगितलं. ही डिस्कची खानेसुमारी आहे. पहिल्या ओळीत एक टिंब, म्हणजे हे घर. फोल्डरात शिरलं की ओळी थोड्या आत सरकतात. फोल्डर संपला की दोन टिंबं, म्हणजे बाहेर पडा. प्रत्येक फाइलच्या नावापुढे तिचा आकार, शेवटची वेळ आणि एक चौसष्ट अक्षरांचा ठसा. ठसा फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघतो. नाव बदललं तरी तो बदलत नाही, पण आतली एक खूण बदलली तर पार बदलतो.

“आता यंत्राला सांगायचं, यादी वाच आणि घर बघ. जे न्हाई ते न्हाई म्हणून सांगतंय, जे जादा ते जादा.”

त्याने चालवलं. पडदा भरभर वर जाऊ लागला. नाही, नाही, नाही, जादा, जादा, नाही. माझं सहा दिवसांचं काम असं खाली वाहत गेलं.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “तुमी सगळ्यांचीच नावं बदलली व्हय?”

“अमृत, दोन वेळा नापास झालेल्याने मला विचारू नये.”

“पण बाई, तिसऱ्यांदा पास झालो की. तुमीच केलं.”

३० जुलै

यादीचा कागदावर छाप काढला. एकशे बारा पानं. सकाळपासून वाचते आहे.

पसारा नव्हता. ‘झोपाळा’ फोल्डरात तान्ह्या मुलाला निजवतानाच्या ओव्या, मग ती बाई म्हसवडची असो की वरकुट्याची. ‘मेंढरं मागं ठेवून’ मध्ये चराईला न जाता गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या. गावावरून लावलं असतं तर हे दिसलंच नसतं, आणि मी तेच केलं. आत शिरणं, बाहेर पडणं, दोन टिंबं. कुठेही एक ओळ चुकलेली नाही. हजेरीपट माझ्यापेक्षा तिचा चांगला होता. हे मी तिला कधी म्हटलं नाही, म्हणण्याचा प्रसंगच आला नाही.

अमृतने उपाय सांगितला आहे. माझ्या प्रत्येक फाइलचा ठसा काढायचा, तोच ठसा यादीत शोधायचा, सापडला की जुनं नाव द्यायचं आणि जुन्या जागी ठेवायचं. तो म्हणाला, यंत्राकडून एका तासात करून देतो. मी नको म्हटलं. मोडलं मी, जोडणारही मीच.

१७ ऑगस्ट, रविवार

आज दुपारी ओव्या पूर्ण झाल्या, जादा प्रतही काढून टाकली. एक हजार आठशे चौऱ्याहत्तर. यंत्राला विचारलं, त्याने ओव्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. सगळं जुळलं की ते गप्प बसतं. ही पद्धत मला आवडली.

एकसष्ट ओळी तेवढ्या राहिल्या. मलकापूर, नाही. मलकापूर, नाही.

संस्थेला त्या नकोच आहेत. काम झालं असं म्हणून मी चहा ठेवला, तोच सोनियाचा फोन आला. आधी नुसतं “काकू, कशा आहात” वगैरे; मी ओव्यांवर क्रमांक घालून परत काढल्याचं सांगितलं. मग म्हणाली, “काकू, एक मागू का? डिस्कवर मलकापूर नावाचं फोल्डर हाय. आमच्या घरातलं. ते मला देता का कॉपी करून? किती दिवस विचारीन म्हणत होते, धीर झाला न्हाई.”

मी विचारलं, तुझ्याकडे नाही का?

“न्हाई ना. एका घरात राहणारी माणसं एकमेकींना आवाज कशाला पाठवतील? मोबाइलात दोन हायत. एक, दूध आण. दुसरा, आणलंस का दूध.”

ती हसली. त्या हसण्याचा मला त्रास झाला.

मी म्हटलं, सध्या जुळवाजुळव चालू आहे, बघते.

“चालतंय काकू. मी थांबते.”

२१ ऑगस्ट

अमृतकडे डिस्क तीन दिवस होती. आज गेले. तो उभाच राहिला, म्हणजे उत्तर कळलंच.

“पुसलेलं परत काढता आलं असतं, बाई. पण त्या जागेवर तुमची दुसरी प्रत लिहिली गेली. आणि ती तरी त्याच डिस्कवर कशाला? दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवल्यासारखं झालं.”

“सुरक्षितता म्हणून.”

“व्हय,” तो म्हणाला, आणि डिस्क पिशवीत घालून माझ्या हातात दिली. 

३० ऑगस्ट

दशलक्षण पर्व सुरू आहे. सकाळी जैन बस्तीत दर्शनाला जाऊन आले. एकभुक्त आहे. तब्येत ठीक.

म्हसवडहून धोंडुबाईंचा फोन आला. त्यांना आपला आवाज पुण्याला कधी जाणार याची काळजी.

“आवं मास्तरीणबाई, माझ्या वव्या पोचल्या का न्हाई?”

पुढच्या आठवड्यात पाठवते म्हटलं.

“तुमी म्हणं माझ्या गाण्यावर नंबर घातलं हुतं. सोनी सांगत हुती. म्या काय मेंढरू हाय व्हय डाग द्यायला?”

मी माफी मागितली. त्या खळखळून हसल्या. मग एकदम आवाज उतरला.

“बाई, सोनी लय वाळली वो. भाकरी खात न्हाई. नवरा मेला तर बाईजवळ चार बाया येऊन बसत्यात. हिच्याजवळ कोण बसलं? लोक म्हणत्यात, खोलीतली पोरगी गेली, दुसरी बघ. तुमी तरी तिला जवळ घ्या.”

म्हातारीची तुलना मला अस्थानी वाटली. मैत्रिणीच्या दुःखालाही मान असतो, त्यासाठी नवऱ्याची उपमा कशाला? पण एक आठवलं. दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या दारात परिचारिकेने विचारलं होतं, ह्या कोण? मी म्हटलं, खोलीवरची मैत्रीण आहे, घरची मी. मग सोनिया सहा दिवस बाहेरच्या बाकावर होती. मी जे सांगितलं ते खरंच होतं. तरी आठवलं.

४ सप्टेंबर

डिस्क पुण्याला गेली, ओव्यांपुरती यादी सोबत. पोच आली, सगळं जुळलं. संस्थेतल्या बाई म्हणाल्या, इतका स्वच्छ संग्रह आमच्याकडे पहिलाच. मी म्हटलं, त्यात माझं काही नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

क्षमावणी. दरवर्षीप्रमाणे सगळ्यांना मोबाइलवर संदेश पाठवला: कळत नकळत, मनाने, वाणीने, शरीराने काही दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. एकशे चाळीस जणांना एकच मजकूर, एकाच बोटाने. त्यात सोनियाचंही नाव होतं. तिचं उत्तर आलं, “काकू, तुमी कशाला क्षमा मागता? उलट मीच.”

दिवसभर तो संदेश उघडून बघत होते. आम्ही कळत नकळत म्हणतो, म्हणून काय केलं ते सांगायची वेळच येत नाही. समोरचाही तेच म्हणतो, हात जोडतो आणि दोघं जेवायला बसतात. कीर्तीची यादी असं चालवून घेत नाही. तिला सरसकट काही माहीत नाही. कुठली फाइल, किती आकाराची, कधीची, एकेक ओळ.

संध्याकाळी अमृत क्षमावणीला घरी आला. तो जैन नाही, पण दरवर्षी येतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “बाई, नवी यादी करून देतो. एका मिनिटाचं काम. मलकापूर नव्हतंच असं दिसंल. ताईला सांगा, डिस्क खराब झाली.”

मी त्याच्याकडे बघितलं.

“न्हाई म्हणजे, सुचलं ते बोललो.”

“चहा पी आणि घरी जा.”

खरं सांगायचं तर हे मलाही सुचलं होतं. त्याच्या आधी, तीन आठवड्यांपूर्वी.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळच्या एसटीने कराड, तिथून रिक्षाने मलकापूर. यादीतली शेवटची चार पानं पर्समध्ये घेतली होती आणि यादी उतरवून घेतलेला कीर्तीचा लॅपटॉप पिशवीत. आठ वर्षांत मी त्या घरी तीनदा गेले, तिन्ही वेळा तासाभरात परतले.

घर तसंच आहे. कीर्तीचा चष्मा खिडकीत होता. सोनिया खरंच वाळली आहे. तिने पाणी दिलं. मी प्याले नाही. आधी बोलायचं असं बसमध्येच ठरवलं होतं.

“सोनिया, तो फोल्डर मी पुसला. एकोणीस जुलैला. चुकून नव्हे, नको वाटलं म्हणून. परत मिळत नाही. आणि सतरा ऑगस्टला तू विचारलंस तेव्हा तो पुसल्याचं मला माहीत होतं. मी खोटं बोलले.”

ती ओट्याला टेकून उभी होती. रडली नाही, ओरडली नाही. मग म्हणाली, “पुसायच्या आधी ऐकलंत का तरी?”

“तीन. थोडं थोडं.”

“काय होतं?”

मला वाटलं ती उलटतपासणी घेते आहे. तसं नव्हतं. ती समोर येऊन खाली बसली. “सांगा की काकू. शेवटचं तुमीच ऐकलंय.”

मी सांगितलं. कुकरची शिट्टी, तीन झाल्या. मग चप्पल कुठे ठेवलीस.

“कशी म्हणाली? जशी म्हणाली तशी सांगा.”

मी आयुष्यात कधी नक्कल केली नाही. वर्गात कुणी केली तर बाहेर काढलं. त्या स्वयंपाकघरात बसून मी कीर्तीच्या आवाजात म्हटलं, “सोने, चप्पल कुठे ठेवलीस माझी? परत तू घातलीस व्हय गं?” माझी मुलगी ‘व्हय गं’ म्हणायची. माझ्यासमोर कधी नाही.

सोनिया आधी हसली. मग तिने तोंडाला पदर लावला आणि मला तिच्याकडे बघवेना.

मी पर्समधून पानं काढली. का काढली ते मलाच ठाऊक नाही. दुसरं देण्यासारखं काही नव्हतं.

१४ सप्टेंबर, रविवार. मलकापूर

काल परतले नाही. सोनिया म्हणाली, जेवून जा, सूर्य आहे अजून. तिला वेळ बरोबर माहीत होती. पाच वाजता ताट वाढलं, कांदा-बटाटा काही नाही. कोणी शिकवलं असं मी विचारलं नाही.

आज सकाळपासून आम्ही दोघी यादी घेऊन बसलो आहोत. अमृतने फोनवर सांगितलं की ओळीच्या सुरुवातीला जाळीची खूण (#) घातली की यंत्र ती ओळ वाचत नाही. ती माणसांसाठी. मी लॅपटॉपवर एकेक नाव वाचते, सोनियाला काय आठवतं ते ती सांगते आणि मी ते त्या ओळीखाली खूण घालून लिहिते.

‘पोहे’. मीठ विसरले होते, त्यावरून भांडण. सहा मिनिटं.

‘आजी पहिल्यांदा’. धोंडुबाई मलकापूरला राहायला आल्या, लिफ्टला घाबरल्या.

‘पाऊस गॅलरी’. “ह्यात कोणी बोलत न्हाई काकू. नुसत्या बसलो होतो.” एकवीस मिनिटं. मी लिहिलं: कोणी बोलत नाही.

‘सोनी गाते’. ती काय होती ते तिने सांगितलं नाही, गाऊन दाखवलं. तेही यादीत लिहिता येईना.

नऊ ओळी तिला आठवल्या नाहीत. तिथे मी ‘आठवत नाही’ असं लिहिलं. तिने एकदा काहीतरी रचून सांगायचा प्रयत्न केला आणि स्वतःच म्हणाली, “न्हाई, हे खोटं हाय. खोडा.”

दुपारी शेवटच्या पाच ओळी आल्या. नावं एकसारखी: ‘आईला सांगायचंय’, एक ते पाच.

मी वाचून थांबले. सोनिया खिडकीकडे बघत होती.

“ती सराव करायची,” ती म्हणाली. “रेकॉर्डर लावून, परत ऐकायची. नीट झालं का बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीची गाडी धरायची. पाचही वेळा.”

“काय सांगायचं होतं?”

तिने खिडकीतला चष्मा उचलून पुसला.

“ते तिचं तिलाच सांगायचं होतं, काकू. मी कसं सांगू?”

त्या पाच ओळींखाली आम्ही काही लिहिलं नाही. निघताना तिने माझ्या पायाला हात लावला. मी तिचे हात धरून ठेवले. कराडपर्यंत ती सोबत आली आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली.

१५ सप्टेंबर. माधवनगर

यादीत वेळा आहेत. जुन्या दैनंदिन्या कपाटात सालवार लावलेल्या आहेत. सकाळी त्या काढून बसले.

पहिली फाइल दोन हजार बावीसची, दिवाळीआधीची. दुसऱ्या दिवशीचं माझं पान: “कीर्ती आली. बोलायचं आहे म्हणाली. म्हटलं, आधी जेव, सूर्य मावळतो आहे. जेवणानंतर विषय राहिला.”

दुसरी: “कीर्ती आली. डोळे सुजल्यासारखे. चष्म्याचा नंबर तपास म्हटलं.”

तिसरी: “कीर्ती. चांगलं स्थळ आलं आहे ते तिला सांगितलं. उठून गच्चीवर गेली. हट्टी.”

चौथी: “कीर्ती आली, गेली. सोनियाने लाडू पाठवले होते. जरा गोड.”

यादीतल्या त्या चार ओळींखाली मी ही चार पानं जशीच्या तशी उतरवली.

पाचवी यावर्षीची, सव्वीस एप्रिलची. सत्तावीस एप्रिलचं पान मी शोधलं. सव्वीसचं आहे, अठ्ठावीसचं आहे. सत्तावीसचं नाही. काही विशेष घडलं नाही की मी लिहीत नाही.

पाचव्या ओळीखाली खूण घातली आणि लिहिलं: कीर्ती आली होती.